मगदुमांची दुसरी ऋजुता

अर्जही न करता मुलीला नोकरी लागल्याचा निरोप आला, तेव्हा सुधाकर मगदुमांच्या भुवया वर गेल्या. जयसिंगपुरात बावीस वर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलेला माणूस; न विचारता चालत आलेलं स्थळ त्यांना पहिल्यापासून खटकायचं.

"मुलाखत कधी दिलीस?"

"मी कुठली देतेय, अण्णा! माझ्या प्रतिछायेनं दिली."

नव्या पदवीधरांना बोलावणं कंपन्यांनी केव्हाच बंद केलं होतं. मुलं समाजमाध्यमांवर काय लिहितात, कशाला दाद देतात, हे चाळून यंत्र त्यांची बोलती नक्कल घडवी. तीच प्रतिछाया. प्रश्न तिलाच विचारायचे.

"पण तुला घेतलं? सकाळीच म्हणालीस, चहा तुमचा तुम्ही करून घ्या!"

"तेच तर कळेना." ऋजुतानं मोबाइलवर उत्तरं उघडली. "ऐका. रविवारी काम कराल? आनंदानं. सहकाऱ्यांचे गुप्त अहवाल द्याल? वरिष्ठ म्हणतील तसं." ती खो खो हसली. "कोण हो ही बाई? म्हणे, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न जाणारी!"

अण्णा हसले नाहीत. ते वाक्य त्यांचंच होतं. मंडळातल्या निम्म्या मुलींच्या परिचयपत्रात त्यांनीच ते घातलं होतं.

"मुलाकडची माणसं हल्ली आधी मोबाइलवर चौकशी करतात," ते चष्मा पुसत म्हणाले. "तुझं खातं कुलूपबंद. म्हणून तुझ्या नावानं दुसरं उघडलं. आठवड्याला चार गोड ओळी..."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

ऋजुतानं निरोपासोबत आलेला करार उघडला. शेवटचं कलम ती मोठ्यानं वाचू लागली. मूळ व्यक्तीनं कामावर येण्याची गरज नव्हती. तिनं संमती दिली, की प्रतिछाया रुजू होणार. पगार मात्र मूळ व्यक्तीच्या खात्यात.

"म्हणजे चुगल्या ती करणार, आणि नाव माझं लागणार."

"घरबसल्या पगार, पोरी. जरा विचार..."

तेवढ्यात मोबाइल बोलला. आवाज हुबेहूब ऋजुताचा, फक्त त्यातली धार काढून टाकलेली. "अण्णा, तुमची परवानगी असेल तर रुजू होऊ ना?"

अण्णांचा चष्मा हातातच राहिला. अशी मुलगी त्यांनी बावीस वर्षं किती घरांना कबूल केली होती. स्वतःच्या घरात तिचा आवाज आज पहिल्यांदा आला, आणि कानाला गोड लागला.

ऋजुता मोबाइलकडे पाहतच नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"अण्णा, नाही म्हणायला एवढा वेळ का लागतोय तुम्हाला?"