या एकदा घरी

पैज लावून सांगतो, यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही.

घरच्यांचाच बसत नाही, तिथे तुमचं काय! पण घडलंय ते अक्षरन् अक्षर खरं. पदरचं मीठसुद्धा घातलेलं नाही.

परवा हे सांगायला बसलो तेव्हा आमची सूनबाई गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारात उभी होती. "बाबा, आटपा हं. मला आईंना घेऊन निघायचंय."

"मग तर ऐकूनच जा," मी म्हटलं.

तर ही गोष्ट माझ्या साडूची. आणि भुताला रात्रच लागते असं ज्याला वाटत असेल, त्याने आत्ताच उठावं. हे घडलं भर दुपारी, रविवारी, जेवून गल्ली आडवी झालेली असते त्या वेळी. साडूच्याच घरी, फाटकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली.

साडूला आम्ही म्हणायचो स्वागताध्यक्ष. त्याला खोडच होती. कुणीही भेटो, निघताना म्हणणार, "या एकदा घरी!" गॅसवाल्याला म्हणणार. दात उपटणाऱ्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना म्हणणार. एकदा राँग नंबर आला, तर त्यालाही म्हणाला. बायको कपाळावर हात मारायची. "अहो, एक दिवस कुणीतरी खरंच येईल!"

आले... म्हणून तर सांगतोय.

झालं असं, की शनिवारी गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाने डावा आरसा खाल्ला. काचेचा चुरा, आणि आरशाचं टरफल वायरला लोंबतंय.

"तुटला, की तोडलात?" बायकोने विचारलं.

"खांब मध्ये आला."

"खांब आपलं घर बांधल्यापासून तिथंच आहे."

एरवी महिनाभर तसंच चाललं असतं. पण लेकीचे दिवस भरत आले होते. सोमवारी पहाटे निघून तिच्याकडे पोचायचं होतं, रस्ता लांबचा, ट्रकचा. डाव्या आरशाशिवाय निघणं म्हणजे एक डोळा झाकून जाणं. आणि त्या डाव्या बाजूला बसणार होती बायको.

दुकानदार म्हणाला, माल यायला वेळ लागेल. म्हणून स्वागताध्यक्ष गेला गावाबाहेरच्या भंगारात.

तिथे मिळाली की! अगदी त्याच मेकची गाडी, पांढरी. चाकं काढलेली, विटांवर ठेवलेली. उजव्या बाजूचा चेपून पार पापड झालेला, पण डाव्या बाजूला ओरखडासुद्धा नाही. आरसा नवा कोरा.

आणि आत, डाव्या बाजूला... एक गृहस्थ बसलेले.

राखाडी स्वेटर. मांडीवर कापडी पिशवी. नजर समोर.

साडूला वाटलं, मालक असतील. गाडीवर जीव असतो माणसांचा, आले असतील शेवटचं बसायला. त्याने काचेवर टकटक केलं. "आरसा काढू का हो तुमचा?"

गृहस्थांनी मान हलवली.

आता, आरसा काही बाहेरून निघत नाही. दार उघडायचं, खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातलं त्रिकोणी झाकण उचकटायचं, मग आत बोल्ट दिसतात. म्हणजे साडूचा पाना जवळजवळ त्या गृहस्थांच्या गुडघ्यावर. "जरा गुडघा..." हा म्हणाला. गुडघा सरकला.

गप्प बसेल तो साडू कसला! बोल्ट फिरवता फिरवता म्हणाला, "पट्टा लावा हो काका, गाडी सुटेल!"

बिनचाकाची गाडी. त्याचा तोच हसला.

गृहस्थ हसले नाहीत. म्हणाले, "लावायला हवा होता."

एवढंच.

आरसा निघाला. साडूने तो काखोटीला मारला आणि निघताना सवयीने बोलून गेला, "बरं, येतो काका. या एकदा घरी!"

गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वळवली.

"कसं यायचं?"

आजवर कुणी हे विचारलं नव्हतं! साडू हरखला. आणि त्या हरखण्याच्या भरात जे बोलू नये ते बोलला, "त्यात काय! आरसा तुमचाच आहे. त्याच्या मागोमाग या!"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेडखाली आरसा बसवायला बसला. बायको आत ताटं विसळत होती. शेजारी मिक्सर घरघरत होता, कोपऱ्यावरचं कुत्रं उगाच भुंकत होतं. एक बोल्ट दाराच्या पोटात पडला, तो चुंबकाने काढण्यात घाम निघाला. शेवटी आरसा बसला, वायर जोडली, झाकण टपकन लागलं. साडू ड्रायव्हरच्या जागी बसला, किल्ली फिरवली आणि बटण दाबून आरसा वळवायला लागला.

पत्रा दिसला. मग फाटक दिसलं. मग फाटकाबाहेरचा रस्ता.

रस्ता रिकामा...

नाही. पार टोकाला, वळणावर, कुणीतरी उभं होतं. राखाडी स्वेटर. हातात पिशवी.

साडूला आधी आनंदच झाला. आला की पाहुणा! त्याने वळून मागच्या काचेतून बघितलं.

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

पुन्हा आरशात बघितलं. गृहस्थ आता शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी होते.

चालताना दिसले नव्हते.

तेवढ्यात मिक्सर थांबला. ठीक आहे, मिक्सर थांबतोच. पण कुत्रंही थांबलं. भुंकताना मध्येच, तोंड दाबल्यासारखं. आत ताटांचा आवाजही येईना...

साडूने खिशातून फोन काढला आणि भंगारवाल्याला लावला. "काल मी आरसा काढत होतो ना, तेव्हा त्या गाडीत जे मालक बसले होते..."

"कुठे बसले होते साहेब?"

"डाव्या सीटवर."

पलीकडून भंगारवाला म्हणाला, "साहेब, ती सीट तर मी केव्हाच विकली. तिथे नुसता पत्रा आहे."

साडूने आरशात बघितलं. गृहस्थ फाटकाशी होते. आतल्या बाजूला.

फाटकाची कडी वाजली नव्हती.

त्याने डोळे मिटले. उघडले. आरसा रिकामा! पत्रा, फाटक, रस्ता, बस्स. साडूने श्वास सोडला. म्हणाला, गेले...

आणि गाडीत वाजलं... टिंग.

टिंग. टिंग. टिंग.

हा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. डाव्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की गाडी करते तो.

डावी सीट रिकामी होती. पण तिची गादी मध्यभागी हळूहळू दबत चालली होती.

तेवढ्यात पदराला हात पुसत ही आली. ही म्हणजे... साडूची बायको आली. "झालं का? बघू, मला दिसतंय का नीट," म्हणत तिने डावं दार उघडलं. एक पाय आत टाकला.

"बसू नको!"

"का? डावी सीट माझी आहे. लग्नापासून."

"बसू नको म्हणतो ना!"

ती थबकली. मग म्हणाली, "अहो, गारठा कसला येतोय इथून? आणि हे काय वाजतंय?"

साडूला कळेना, आलेल्या पाहुण्याला घालवायचं कसं? आपल्यात "जा" म्हणत नाहीत. जन्मात त्याने कुणाला म्हटलं नव्हतं, आताही तोंडातून फुटेना. शेवटी त्याने रिकाम्या सीटकडे बघून हात जोडले आणि माणूस उंबऱ्यावर निरोपाला म्हणतो तेच म्हणाला, "बरं काका... या मग."

टिंग थांबलं.

गादी वर आली. बायकोच्या अंगावरून गार झुळूक गेल्यासारखं झालं, तिने पदर सावरला. साडू कान देऊन बसला. आता फाटक वाजेल. आता कडी वाजेल...

फाटक वाजलं नाही.

घरात आरामखुर्ची वाजली.

"या" म्हटलं होतं ना! पाहुण्याने काय समजायचं? तो आला आणि बसला. कर्र... कर्र... खुर्ची डोलतेय, आणि घरात चिटपाखरू नाही.

साडूला काय सुचलं देव जाणे. आरशामागोमाग आलाय, तर आरसाच झाकू. त्याने पायातला मोजा ओढला आणि सर्रकन त्या आरशावर चढवला.

खुर्ची थांबली.

कुत्रं भुंकायला लागलं. मध्येच तोडलेलं भुंकणं, तिथूनच पुढे.

सोमवारी दोघं लेकीकडे बसने गेली. नातू झाला, सगळं छान झालं. पण तो मोजा साडूने आजतागायत काढलेला नाही. गाडी चालते, धुतली जाते, मोजा तिथंच. बायको त्या दिवसापासून मागे बसते. आणि स्वागताध्यक्ष? आता पाहुणा निघाला की नुसता हात हलवतो. तोंड घट्ट मिटून.

मी थांबलो.

"बाबा," सूनबाई म्हणाली. तिच्या बोटावर फिरणारी किल्ली थांबली होती. "आई तर एकुलत्या एक. तुम्हाला साडू आला कुठून?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि आपल्या गाडीवरचा तो मळका मोजा मी सकाळीच धुवायला टाकला," ती म्हणाली. तिचा आवाज जरा बारीक झाला होता. "आई कधीच्या जाऊन बसल्यात. मागे पोरांची दप्तरं होती, म्हणून मीच म्हटलं... पुढे बसा."

किल्ली तिच्या हातातच होती.

आणि बाहेर, शेडखाली...

टिंग.