लाल फुल्यांचं जंगल

"अहो, ते झाड मेलंय कशावरून?"

मी दचकले. रंगाचा ब्रश खोडावरच थांबला. मागे एक उंच तरुण उभा होता. भुवईला चक्क पीठ लागलेलं!

"वनखात्यात आहे मी. वाळलेल्या झाडांवर फुली मारते. ती मग तोडतात." मी नखाने साल खरवडली. आत कोरडं, तपकिरी. शेजारच्या झाडाची खरवडली, तर आत ओलं, हिरवं. "हे नुसतं झोपलंय."

"बाहेरून दोन्ही सारखीच रडकी दिसतात."

"थंडीत सगळेच तसे दिसतात."

"मीसुद्धा?"

"तुम्ही... जरा जास्तच!"

तो बेकरीवाला होता. भट्टी विझवून पहाटे जंगलातून घरी जायचा. त्या दिवसापासून माझ्या वाटेनेच जायला लागला. मी त्याला बोडक्या फांद्यांच्या टोकांवरच्या मिटलेल्या कळ्या दाखवायचे, सालीवरचं शेवाळ दाखवायचे. तो कोटातून गरम पाव काढायचा. "उरला होता," म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. सूर्य मात्र कधी दिसलाच नाही. नुसतं करडं धुकं, आणि पायाखाली कुजलेली पानं.

एकदा चालता चालता म्हणाला, "बाबा अंथरुणाला खिळलेत. आई गेल्यापासून माझ्याच हातून जेवतात." हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी माझं काम संपलं.

"उद्यापासून दुसरं जंगल," मी म्हटलं. "फार लांब आहे."

तो खाली मान घालून बुटाने पानं सारत राहिला.

"काहीच बोलणार नाही?"

"काय बोलू? थांबा म्हटलं, तर तुमची नोकरी जाणार. आणि माझ्या घरात औषधांचा वास भरलाय... तिथे कुठल्या तोंडाने बोलवू?"

"बोलवायचं होतं, एवढं तरी कबूल करा."

"रोज," तो म्हणाला. "रोज बेकरीतून ठरवून निघायचो. तुम्ही दिसलात की जीभ टाळ्याला चिकटायची."

मी त्याचा हात धरला. थंडगार हात, भट्टीच्या चटक्यांनी खरबरीत झालेला. रस्त्यावर आमच्या जीपचा हॉर्न वाजला... पुन्हा वाजला. दोघांपैकी कुणीच हात सोडेना.

मग त्यानेच हलकेच बोटं सोडवून घेतली.

"जा तू," तो म्हणाला.

मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला तो... आणि तेही जा म्हणायला.