पेटीतला हिरवा बोर्ड

२००३ सालातली गोष्ट. हुमनाबादच्या बसस्टँडमागं योगीराजचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. एका दुपारी मुडबी गावची जगदेवी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू घेऊन आली आणि तिनं ती टेबलावर अलगद ठेवली.

"भाऊ, ह्ये कशाचं हाय, तेवढं सांगा."

वहीच्या पानाएवढा हिरवा बोर्ड. त्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि आकडे उमटायला काचेची सहा घरं. कंपनीचं नाव कुठंच नव्हतं.

"माझ्या भावाच्या पेटीत निघालं. सुनीलकुमार त्याचं नाव. हैदराबादला कामाला गेलता. चार वर्सं झाली, पत्र न्हाई, फोन न्हाई. परवा खोलीवाल्यानं नुसती पेटी धाडली. ह्ये कोणच्या कारखान्यातलं ते कळलं, तर तिथं जाऊन इचारीन म्हणते."

योगीराजनं विजेची तार जोडली. पहिल्या चार घरांत लाल इंग्रजी अक्षरं उजळली. ए, सी, सी, ए. उरलेली दोन घरं काळीच राहिली. असलं यंत्र त्यानं कधी हाताळलं नव्हतं. शेजारच्या फोटोवाल्याकडून त्यानं फोटो काढून घेतला. तेवढ्यात काहीतरी करपल्याचा वास आला. त्यानं घाईनं तार उपसली, बोर्डाला हात लावून बघितला. बोर्ड गार होता.

फोटो त्यानं सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर जुन्या कॉम्प्युटरांचा नाद असलेल्या लोकांना पाठवला. चौथ्या दिवशी जर्मनीतल्या एका म्हाताऱ्याचं उत्तर आलं. 'पोरांना कॉम्प्युटर शिकवायला हैदराबादच्या एका लहान कारखान्यानं असे थोडे बोर्ड केले होते. त्यावर आकडे आणि एफपर्यंतचीच अक्षरं उमटतात. नव्व्याण्णव साली कारखाना जळाला, पत्ता खाली दिला आहे. आणि एक विचारतो. तुमच्या फोटोत मेमरीच्या चिपा बसवायच्या खोबणी रिकाम्या आहेत. चिपांशिवाय त्यावर एक अक्षरही उमटू शकत नाही. मग ही चार कशी उमटली?'

उत्तर वाचून योगीराज दुकानात आला तेव्हा लाईट गेली होती. चौकशीला आलेली जगदेवी अंधारात बाकावर बसून होती. त्यानं बॅटरी मारून खोबणी बघितल्या. रिकाम्या होत्या. आत कोळ्याचं जाळं होतं.

त्यानं बॅटरी विझवली. बोर्डाला तार नव्हती, तरी चार अक्षरं लाल पेटलेली होती.

"काय लिव्हलंय त्याच्यात?" जगदेवीनं हळूच विचारलं.

"ए, सी, सी, ए..." म्हणता म्हणता त्याची जीभ अडखळली. ह्यात केचं अक्षरच नव्हतं. मग लिहिणारा सी वापरणार. "अक्का... अक्का लिव्हलंय."

जगदेवीचा पदर सावरणारा हात तसाच राहिला. "त्यो मलाच म्हणायचा."

टक. एक बटण खाली गेलं, वर आलं. दोघांचेही हात मांडीवर होते. पुन्हा टक. शेवटची दोन घरं उजळली. बी, ए.

"बा," जगदेवीच म्हणाली. "आमची माय कानडी. घरात त्यो तसंच बोलायचा. ये म्हणायलाय मला..."

"नका जाऊ. त्या हैदराबादच्या कारखान्यात काही राहिलं न्हाई, अक्का. नव्व्याण्णव सालीच जळालंय सगळं."

तिनं टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाली, "चार वर्सं... कामून सांगितलं न्हाई कुणी?"

त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. सहाव्या दिवशी परत आली. जळक्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. आत कोंडून मेलेल्या एका पोराची ओळखच पटली नव्हती, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. तिनं तिथंच भावाच्या नावानं पाणी सोडलं होतं.

"आता शांत झाला आसंल," ती म्हणाली. "ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. घरात ठिवू वाटत न्हाई."

तिला गाडीत बसवून योगीराज आला. बोर्ड विझलेला होता. त्यानं तो कागदात बांधला, वरच्या फळीवर ठेवला आणि दुकान बंद करायला वळला.

टक. टक. टक. टक.

कागदातून लाल उजेड झिरपत होता. त्यानं गाठ सोडली. डी, ए, डी, ए.

त्याला दादा म्हणणारा एकच. धाकटा भाऊ बसवंत. दोन महिन्यांपूर्वी पुण्याला कारखान्यात लागलेला. कालच त्याचा फोन आला होता, चांगला हसून बोलला होता.

करपल्याचा वास हळूहळू दुकानभर पसरला. योगीराज बोर्डाकडं बघत उभा राहिला. शेवटची दोन घरं अजून रिकामी होती.