ओन्नीच्या बादलीतले दगड

आर्वोच्या गॅरेजात गाडी कधीच शिरली नाही. ती बिचारी बाहेर बर्फात उभी असायची आणि आत उबेला असायची पिंपं. सुपिरियर तळ्याच्या या काठावरच्या फिनिश वस्तीत दगड वेचायचा नाद घराघरात आहे. अकीक दिसला की माणूस जेवण विसरतो, आणि तो घासून चकचकीत करायचं यंत्र प्रत्येकाच्या तळघरात घुमत असतं. यंत्र म्हणजे तरी काय, दोन रूळ, आणि त्यांवर आडवं पडून गरगरणारं, डब्याएवढं, रबरी अस्तराचं पिंप. पिंपात दगड, पाणी आणि कुरुंदाची पूड. आठवडेच्या आठवडे फिरवत राहायचं. पण जी पूड दगड खाते ती रबरही खाते. मग पिंप गळायला लागतं, आणि लोक आर्वोचं दार ठोठावतात.

गळतीचं कारण आर्वो पिंप न उघडता सांगायचा, नुसतं कानाशी हलवून. तांब्याच्या खाणीच्या यंत्रशाळेत त्याची हयात गेली होती. पिंपांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलायचा नाही. माशांची गोष्ट वेगळी.

जूनमध्ये लेम्पी तिचं पिंप घेऊन आली, तेव्हा मात्र त्यानं ते उघडलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"लेम्पी, ह्यात मांजरं घोळवतेस की काय?"

"तुझ्या मिशा घालणार होते, मावल्या नाहीत."

अस्तर झिजलं नव्हतं. झिजलेलं रबर कसं, साबणाच्या वडीसारखं पातळ होत जातं. हे चिरलं होतं. लांबलांब चिरा, आतून, सुरी ओढल्यासारख्या.

"मी घातलेलं प्रत्येक अस्तर असंच गेलं," लेम्पी म्हणाली. "दगड ओन्नीच्या बादलीतले आहेत."

आर्वोनं पिंप बाकावर ठेवलं. ओन्नी म्हणजे तिचा नवरा, आणि आर्वोचा मासेमारीतला जोडीदार. गेल्या पानगळीत तो एकटाच तळ्यावर गेला. नाव सापडली, तो नाही. त्या सकाळी किनाऱ्यावरून वेचलेली दगडांची बादली तो घरामागच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, दाराशी ठेवून गेला होता.

"युहान्नुसच्या सणाला, सकाळी, मला हे त्याला परत द्यायचेत," लेम्पी म्हणाली. "चकचकीत करून. नाव सापडली तिथं, तुझ्या नावेतून. तू नाही म्हणालास तर मी एकटी वल्हवत जाईन. त्याच्या सपाता अजून दारात आहेत, आर्वो. रोज त्यांच्यावरून उडी मारून आत जाते. हे एकदा झालं की उचलीन."

"उडी मारतेस? ह्या वयात?"

"म्हणून तर घाई आहे."

आर्वोनं शब्द दिला.

ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब कापून त्यानं नवं अस्तर बसवलं, कडा दुमडून चिकटवल्या. काम करताना त्याच्या मनगटातलं तांब्याचं कडं पिंपावर टणटण वाजत होतं. सांधेदुखीसाठी ते त्यानंच खाणीतल्या तारेचं ठोकलं होतं. टोकांमध्ये बोटभर फट, आणि एका जागी हातोडा हुकल्याचा चपटा डाग.

चिरांचं कारणही त्यानं शोधून काढलं. पिंप कमी भरलं की दगड घरंगळत नाहीत, उंचावरून आपटतात आणि रबर फाडतात. पिंप पाऊण भरलं पाहिजे. अकीक तेवढे नव्हते. मग त्यानं बादलीच्या तळातली काच घातली. लाटांनी घासून घासून दुधाळ झालेले काचेचे गोटे इथं पुष्कळ सापडतात. अकिकात काच मिसळणं हे या मंडळींत पापच, कारण काच मऊ, कुरुंदापुढं विरघळून जाते. पण भरणा म्हणून चालेल, आर्वोनं ठरवलं. गेली तर गेली. लेम्पीला तो काही बोलला नाही.

पिंप फिरू लागलं. नीट भरलेल्या पिंपाचा आवाज एकसारखा असतो, तव्यावर काही परतत असल्यासारखा. याचा आवाज यायचा, ओसरायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. आर्वोनं पट्टा बदलला. रुळांना तेल दिलं. शेवटी पिंप दुसऱ्या यंत्रावर चढवलं. तिथंही तेच. ओळखीचा आवाज होता, पण गॅरेजात त्याचं नाव आठवेना. दार उघडून तो बाहेर आला, तर खालून तळ्याच्या लाटा त्याच लयीत येत होत्या.

"वारा असेल," तो स्वतःशी म्हणाला. वारा नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. फिरतं पिंप घर्षणानं कोमट होतं. हे गार होतं. हात ठेवला की बोटं बधिर व्हायची.

युहान्नुस, भर उन्हाळ्यातला तो जाळाचा सण, तोंडावर आला, तेव्हा त्यानं खिडकीतल्या उन्हात ट्रे ठेवला आणि पिंपाचं झाकण काढलं. आत करडा, दाट राडा असायला हवा. असा राडा मोरीत ओतायचा नसतो, सिमेंटसारखा बसतो. त्यासाठी भूर्जाच्या झाडामागं आर्वोचा खड्डा होता. पण ट्रेमध्ये पडलं ते पाणी होतं. नितळ, पिता येईल असं.

आणि दगड. आत गेले होते ते लाटांनी गोल केलेले. बाहेर आले ते टोकदार, खडकातून आत्ताच फुटल्यासारखे. आर्वोच्या अंगठ्यातून रक्त आलं.

त्यानं लेम्पीला बोलावून घेतलं. तिनं ट्रेमध्ये पाहिलं आणि मान हलवली.

"माझ्याकडेही असंच व्हायचं. तू हसशील म्हणून बोलले नाही."

"मी हसतोय का?"

"मग आणखीच वाईट."

तिनं ट्रेमधून काहीतरी उचललं. गोल, पातळ, स्वच्छ काच. तिनं ती डोळ्यापुढं धरली, आणि मग खूप वेळ खाली घेतलीच नाही.

"खालचा अर्धा भाग वाचायच्या नंबरचा आहे," ती म्हणाली. "आणि कडेला ही खाच. फ्रेम तुटल्यावर त्यानं तार अडकवायला कानशीनं पाडलेली. तूच ओरडला होतास त्याला."

ओन्नीला प्लॅस्टिकचा चष्मा चालत नसे. प्लॅस्टिकमधून बघितलेला मासा लहान दिसतो म्हणायचा.

आर्वो हळूच म्हणाला, "ही काच दुधाळ गोटा होती, लेम्पी. मीच घातली. तसा गोटा व्हायला तळ्याला माणसाचं अख्खं आयुष्य लागतं. बादली त्यानं कधी भरली?"

"गेला त्या सकाळी."

"आणि चष्मा?"

"नाकावर होता."

लांब कुठंतरी सणाच्या जाळासाठी लाकडं फोडत होते.

मग लेम्पी हसली. ओन्नी गेल्यापासून आर्वोनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "तरी मी म्हणायचे, हा माणूस रोज तळ्यावर वेचतो तरी काय! स्वतःलाच वेचत होता. बस, आर्वो. मला एवढं पुरे. दगड टोकदार तर टोकदार. उद्या नेऊ." काच रुमालात बांधून ती वेलदोड्याचा पाव भाजायला घरी गेली.

आर्वो बादली विसळत होता. तळाच्या वाळूत एक हिरवट गोळी राहिली होती. तांबं. लाटांत घोळलेलं असं तांबं इथं कुणीही खिशात टाकतं.

त्यानं ती फेकायला हवी होती. पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाला एकदा तपासून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गोळी, पाणी, भरण्याला चार विटकरा, आणि त्यानं बटण दाबलं. लाटांचा आवाज सुरू झाला.

संध्याकाळी, उन्हं अजून वर असताना, त्यानं पिंप उघडलं.

कडं होतं. एका जागी चपटा डाग.

त्यानं मनगट शेजारी धरलं. डाग तोच.

खुर्चीवर बसून आर्वोनं दोन्ही कडी नीट निरखली. आणि त्याला फरक सापडला. त्याच्या कड्याच्या टोकांत बोटभर फट होती. या कड्याची टोकं एकमेकांवर चढलेली होती, डावं उजव्यावर. म्हणजे हे दुसरंच. तरीही त्यानं हातातलं कडं काढलं आणि दारामागच्या खिळ्याला अडकवलं. पाण्यावर न्यायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. पिंपातलं कडं त्यानं भूर्जामागच्या खड्ड्यात टाकलं आणि वर राडा ओतला.

त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

सकाळी तळं आरशासारखं होतं. नाव पाण्यात ढकलून आर्वो वल्ही लावत होता, तेवढ्यात उतारावरून लेम्पी आली. एका हातात दगडांची बादली, काखेत गरम पाव. गळ्यात दोऱ्याला ओवलेली काच.

"सपाता उचलल्या," ती म्हणाली. "येतानाच."

"बरं केलंस."

"आणि तुझं डोकं कुठं असतं रे? पाव ठेवायला फडकं घ्यावं म्हणून गॅरेजात डोकावले, तर हे खिळ्याला. वल्हवताना हात धरेल तेव्हा माझ्याच नावानं ओरडशील."

तो काही म्हणायच्या आत तिनं कडं त्याच्या मनगटात सरकवलं.

"ढिलं झालंय बघ. पडायचं पाण्यात."

आणि दोन्ही अंगठ्यांनी तिनं ते दाबत नेलं, डावं टोक उजव्यावर चढेपर्यंत.