टिकल्या

आमची तांबडी शेळी अडली नसती, तर नाझिम मला भेटलाच नसता. भर दुपार… आबा उसाला पाणी द्यायला गेलेले, आई इंदापूरला बाजाराला, आणि मी गोठ्यात शेळीचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसलेली. भिगवणच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी हाताखालचा माणूस पाठवला. सावळा, उंच, आणि घाईतही हसरा.

“शेळीला धीर द्यायचा, का तुमाला?” आल्या आल्या त्यानं विचारलं.

असा राग आला मला! पण त्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि शेळीशी हळू बोलत करडू असं अलगद सोडवलं, की राग कुठं गेला कळलंच नाही. बोकड झाला होता. कपाळावर पांढरा ठिपका.

“ह्याचं नाव टिकल्या,” मी म्हणाले.

“अन् मला काय म्हणायचं ठरवलंय?”

“आधी चहा घ्या… मग बघू.”

चहा पिताना कळलं, तो आमच्याच शेळगावच्या बाबूभाई मुलाण्यांचा मुलगा. लहानपणापासून भिगवणला मामाकडं वाढलेला, म्हणून कधी पाहिलाच नव्हता. मग तो टिकल्याला इंजेक्शन द्यायला आला. मग वासराला. मग कुणीच आजारी नसताना आला – आणि मला हसू आवरेना.

पुढं मीच कॉलेज बुडवून भिगवणला जाऊ लागले. पाण्याकाठच्या टपरीवर तो मासळीतले काटे काढून माझ्या ताटात ठेवायचा. एकदा काटे काढता काढता म्हणाला, “स्वप्नाली, तुझ्या घरी चालंल का गं मी?”

मला किती खात्री होती! देवाचं बकरं बाबूभाईंनीच कापायचं, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलाण्याची सुरी फिरल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. मी म्हणाले, “आमच्या देवाला तुमचा हात चालतो. आबांना का नाही चालणार?” वेडी होते मी.

मी घरी सांगितलं, तेव्हा आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “मुलाण्याला मान हाय आपल्यात. पर तो अंगणात, पोरी. घरात न्हाय.”

पंधरा दिवसांत कोऱ्हाळ्याचं स्थळ पक्कं झालं. पळून जाऊ, असं मी नाझिमला फोनवर म्हणाले. “माझ्या अब्बांना ह्याच गावात मरायचंय गं,” तो म्हणाला. मी फोन ठेवला.

लग्नाआधी देवाला बकरं द्यायचं होतं. गावातली पोरं आबांना सांगायला आली, यंदापासून देवाच्या कामाला मुलाणी नको. आबांनी त्यांना हाकलून लावलं. “आमी धर्म-बिर्म बघत न्हाय,” ते म्हणाले, आणि स्वतः बाबूभाईंच्या दारात जाऊन आमंत्रण देऊन आले. मला त्यांचा अभिमान वाटावा की रडावं, कळेना.

बाबूभाईंचे हात आता थरथरतात. त्यांच्या जागी नाझिम आला.

आबांनी क्षणभर मान वळवली. मग टिकल्याचं दावं त्याच्या हातात दिलं.

टिकल्यानं दावं ओढलंच नाही. नाझिमचा हात चाटत मागं मागं गेला. मी दारात उभी होते, हळदीचे हात घेऊन. जवळून जाताना तो एवढंच म्हणाला, “आत जा, स्वप्ना.”

“नाही म्हणायचं होतंस…”

“न्हाय म्हणलो असतो, तर उद्यापास्नं अब्बांना अंगणातबी कोण घेतंय?”

मी आत गेले. बाहेर आबा कोऱ्हाळ्याच्या पाहुण्यांना अभिमानानं सांगत होते, मुलाण्याशिवाय आमच्या देवाचं काहीच होत नाही. पाहुणे माना डोलवत असावेत. बाहेर पडले तेव्हा अंगण धुतलेलं होतं, आणि नाझिम निघून गेला होता. त्याचा मानाचा वाटा पितळीत झाकून तसाच राहिला होता. घरी न्यायला विसरला असेल, आई म्हणाली.

पंगत बसली. आईनं माझ्या ताटात वाढलं आणि दटावलं, देवाचा घास आहे, नवरीनं नाही म्हणायचं नसतं.

मी नाही म्हणाले नाही. खाल्ला.