कमेंटखालची ओळ

बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी चष्म्याच्या फ्रेमा पुसत बसले होते. तेवढ्यात दार ढकलून एक वयस्कर गृहस्थ आत आले. छत्री मिटता मिटत नव्हती, त्यामुळे आधीच वैतागलेले. त्यांच्या मागून त्यांचा मुलगा आला. त्याने वडिलांच्या हातातून छत्री अलगद काढून घेतली, मिटली आणि माझ्याकडे बघून असा हसला, जणू आम्ही दोघं मिळून एक हट्टी मूल सांभाळतोय.

माझं कामच डोळ्यांत डोळे घालून बघायचं. दिवसभर लोकांच्या बुबुळांवर प्रकाश टाकायचा, नंबर काढायचे. नजरेचं मला अप्रूप राहिलेलं नाही. तरी त्या हसण्यानंतर मी हातातली फ्रेम डबीत उलटी ठेवली...

म्हातारबुवा निवृत्त वकील होते, हे त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. लांबचं त्यांना छान दिसत होतं. जवळचं तपासायला मी अक्षरांचं कार्ड पुढे केलं, तर त्यांनी ते बाजूला सारलं. असली अर्थहीन वाक्यं वाचायला आपल्याला वेळ नाही, म्हणाले. खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यासमोर धरला.

"हे वाचता येत नाही मला. आणि जेवढं वाचता येतं, तेवढं चुकीचं आहे."

फोनवर एक फोटो होता. तळं, लाकडी धक्का, काठाला बांधलेल्या हिरव्या होड्या. तो फोटो मीच चढवला होता. खालचा मजकूरही मीच टाइप केला होता.

तो माझ्या आईचा ब्लॉग होता.

आईचा उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला. कानाला रिसीव्हर लावून तिने हजारो लोकांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवलं आणि स्वतः मात्र कमीच बोलली. दरवर्षी सुट्टी मिळाली की ती आणि बाबा त्या तळ्याच्या गावी जायचे. तेच लाकडी गेस्टहाऊस, तीच व्हरांड्यातली खोली. मी लहान होते तेव्हा मला घेऊन, मी मोठी झाल्यावर मला मावशीकडे सोडून. बाबा गेले त्यानंतरच्या सुट्टीत आईने बॅग भरली, दोन दिवस ती दाराशी ठेवली आणि पुन्हा रिकामी केली. मग ती त्या गावाचं नावही काढेना.

ब्लॉगची कल्पना माझी. ती म्हणाली, मी काय लेखिका आहे? मी म्हटलं, लिहू नकोस, मला फोनवर सांगतेस असं समजून सांग, टाइप मी करते. मग ती सोफ्यावर ताठ बसायची, डोळे मिटायची आणि तिच्या जुन्या ऑपरेटरच्या स्वच्छ आवाजात बोलायला लागायची. होडीवाल्याची बायको वल्ही कशी वाळत घालते, पोस्टाच्या पेटीवर मांजर कसं झोपतं, न्हाणीघरातला बंब पेटताना खोकल्यासारखा आवाज कसा करतो... मी ऐकत राहायची आणि टाइप करायचं विसरायची.

वाचक फारसे नव्हते. मी, मावशी आणि मावशीच्या शेजारणी. आणि मग हे वकीलसाहेब उगवले. व्हरांड्यात बसलं की सूर्य थेट तळ्यात बुडताना दिसतो, असं आईने लिहिलं होतं. त्यावर त्यांनी भली मोठी कमेंट टाकली होती, की हे साफ खोटं आहे, आपण त्या गावी अनेकदा राहिलो आहोत आणि सूर्य तळ्यातून उगवतो, बुडत नाही. आईने तीन दिवस त्या कमेंटवर धुसफुस केली होती आणि माझ्याकडून उत्तरावर उत्तर टाइप करून घेतलं होतं. बाबा गेल्यापासून मी तिला इतकं जिवंत पाहिलं नव्हतं.

हे सगळं मी त्यांना सांगून टाकलं. लपवायचं कशाला? वकीलसाहेबांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, आईंना सांगा, मुद्दा कायम आहे.

त्यांचा मुलगा मात्र हसू दाबत होता. "म्हणजे टाइप तुम्ही करता?"

"हो."

"कमेंट मी टाइप करतो. बाबा पडल्या पडल्या सांगतात." तो जरा पुढे झुकला. "आपणच भांडतोय की इतके दिवस."

तो लाकडाचं काम करायचा. जुन्या खुर्च्या, टेबलं दुरुस्त करायचा, नवीन करायचा. वकिली सोडून रंधा धरला म्हणून वडील वर्षभर त्याच्याशी अबोला धरून होते आणि आता त्याच्याच केलेल्या आरामखुर्चीत पडून कमेंट सांगत होते. आमच्या दुकानापासून त्याची वर्कशॉप चालत जाण्याच्या अंतरावर होती. एवढे दिवस दिसला कसा नाही, याचं मला नवल वाटलं.

पुढच्या आठवड्यात आईच्या नव्या लेखाखाली वकीलसाहेबांची कमेंट आली. दिशा, नकाशा, साक्षीपुरावा, सगळं होतं. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या परिच्छेदात, एक ओळ —

'आज फार लिहिलंत. बोटं दुखली नाहीत ना...'

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही ओळ वकिलांची नव्हती.

मी तिथे उत्तर दिलं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी दुकानात आला, वडिलांच्या चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून. बोटं ठीक आहेत, मी स्क्रू पिळत म्हटलं. तो म्हणाला, कुणाची? मी म्हटलं, ज्यांची चौकशी झाली त्यांची. पुढच्या खेपेला दांडी घट्ट झाली म्हणून आला. त्याच्या पुढच्या खेपेला स्वतःचेच डोळे तपासून हवे होते. मी यंत्रातून बघितलं. तपकिरी, स्वच्छ, काही एक दोष नसलेले डोळे... आणि ते यंत्रातून माझ्याकडेच बघत होते.

"काय दिसलं?" त्याने विचारलं.

"खोटारडेपणा. तुम्हाला सगळं नीट दिसतं."

"सगळं कुठे? काही काही फारच जवळून बघावंसं वाटतं."

त्याने फोन नंबर मागितला असता तर मी दिला असता. पण त्याने मागितला नाही आणि मलाही घाई नव्हती. आईच्या प्रत्येक लेखाखाली भांडण यायचं आणि भांडणाखाली एक ओळ. 'पाऊस थांबला, पण तुमच्या रस्त्यावर अजून ओल आहे, जपून चाला...' 'तुम्ही लिहिता तेव्हा तळ्याचा वास येतो...' मी कामाच्या मधल्या वेळात फोन उघडून त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायची. दोघांचं खासगी काहीतरी चारचौघांत उघडं पडलेलं आहे आणि कुणाला पत्ता नाही, याची मला मोठी गंमत वाटत होती.

गंमत एका रविवारी संपली.

आई आरशासमोर उभी होती. केस कापून आली होती, न विचारता, आणि ते तिला शोभत होते. मला म्हणाली, तुझ्या दुकानातली एखादी हलकी फ्रेम आण ना, हा चष्मा फार म्हातारा दिसतो. मग पाठमोरी राहूनच, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "वकीलसाहेब भांडखोर आहेत, पण शेवटी शेवटी किती मऊ लिहितात गं."

त्या ओळी ती स्वतःसाठी आलेल्या समजत होती.

मी तशीच उठले आणि वर्कशॉप गाठली. तो एका खुर्चीचा पाय घासत होता. लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांवर बसला होता. एरवी मी त्यावर काहीतरी बोलले असते.

"तुला कळतंय का आपण काय केलंय?" मी म्हटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

मी सगळं सांगितलं. तो पॉलिश पेपर खाली ठेवून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, बाबा हल्ली रोज दाढी करतात. आधी दोन दिवसांआड करायचे. आणि जेवताना विचारतात, त्या बाईंचा लेख आला का.

त्याने हातावरचा भुसा झटकला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"त्यांचं जुळलं तर चांगलंच आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"चांगलंच आहे. दोघंही एकटे आहेत."

"आणि त्यांनी लग्न केलं तर आपण कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर आम्ही पोट धरून हसलो असतो. आम्हाला हसू आलं नाही.

त्या ओळी बंद करायच्या, एवढंच ठरलं. आणि तो आता दुकानातही येणार नव्हता. मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला, छत्री माझ्या हातात दिली आणि काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं... आणि नुसतंच, जपून जा, म्हणाला.

पुढची कमेंट आली, तेव्हा तिच्यात नुसता वाद होता. आईने ती वाचली. बोटाने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, जणू काहीतरी राहून गेलंय. भाजी चिरताना तिने हात पुसून पुन्हा एकदा फोन बघितला. माझ्याच्याने ते बघवेना.

मी तिच्या शेजारी बसले आणि खरं सांगितलं. कोणती ओळ कुणाची, कुणासाठी. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही.

आईने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "तो ओल्या रस्त्याचा मजकूर... तोही तुझ्यासाठी?"

मी मान हलवली.

"चांगला होता." ती चिरलेली भाजी उगाच एका बाजूला लोटत राहिली. "वेडी गं मी. या वयात..." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिने मला थोपटलं खरं, पण त्या रात्री ती लवकर झोपायला गेली आणि दाराआड दिवा बराच वेळ जळत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. वकीलसाहेब होते, गुळगुळीत दाढी केलेले, आणि त्यांच्यामागे मान खाली घातलेला मुलगा. त्यानेही घरी सांगून टाकलं होतं.

वकीलसाहेब बसले नाहीत. उभ्यानेच आईला म्हणाले, "बाई, गोड ओळी माझ्या नव्हत्या. तेवढं लिहायची अक्कल मला तरुणपणीही नव्हती. पण भांडण अक्षर न् अक्षर माझं आहे. ते बंद होऊ नये, एवढी विनंती करायला आलो."

आईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग आमच्या दोघांकडे. आमच्या चेहऱ्यांवर काय होतं कोण जाणे, पण तिच्या डोळ्यांत हळूहळू मिश्कीलपणा आला.

"मला नवरा नको आहे," ती म्हणाली. "एक चांगला मिळाला होता, तो पुरे आहे. भांडायला माणूस मिळालं तर बरं होईल. बसा, चहा टाकते."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो आधीच माझ्याकडे बघत होता.

चहा पिताना आईने आणखी एक सांगितलं. त्या ओळी आपल्यासाठी आहेत असं वाटलं, तेव्हा तिला वाटलं होतं, पुन्हा कुठेतरी जावं. आणि तिने तळ्याच्या गावाचं बसचं तिकीट काढलं होतं. ते रद्द करायचा विचार काल तिने पुष्कळ केला. पण ज्या कारणाने काढलं ते खोटं निघालं, म्हणून तळं काही खोटं होत नाही, म्हणाली. मी सोबत येते म्हटलं. तिने स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. बाबांशिवाय तो व्हरांडा कसा दिसतो, ते तिला एकटीने बघायचं होतं. आणि यापुढे टाइपही तीच करणार होती, एका बोटाने का होईना. वकीलसाहेब म्हणाले, आपणही पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ म्हणतो, पण समोरच्या काठावर उतरू. पुरावा गोळा करायला.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं आईला बसवर सोडायला गेलो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बॅग वर ठेवायला तो आत चढला, तेव्हा आई त्याच्या कानात काहीतरी बोलली. तो लाल होऊन उतरला. काय म्हणाली, ते त्याने मला सांगितलं नाही. बस हलली. आई खिडकीत ताठ बसली होती, आणि वळणावर मागे वळून तिने हात केला. रडत होती की हसत होती, लांबून कळलं नाही. दोन्ही असावं.

रस्ता एकदम शांत झाला.

"आता माझ्याकडे काही सबब उरली नाही," तो म्हणाला.

"कसली सबब?"

"तुला भेटायची. म्हणून सरळच सांगतो..." तो थांबला. एवढ्या ओळी लिहिणाऱ्याला शब्द सापडेनात. "मला तू आवडतेस. फार. लग्नाचं आज विचारत नाही, घाबरशील. पण विचारणार आहे, एवढं सांगून ठेवतो."

माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही ऐकू गेलं असेल.

"कधी विचारणार?"

"तू म्हणशील तेव्हा."

"मग फार लांबवू नकोस," मी म्हटलं.

रस्ता ओलांडायचा होता. गाड्या येत होत्या, म्हणून त्याने माझा हात धरला. त्याचा तळवा खरबरीत होता, त्याला लाकडाचा वास होता. आम्ही पलीकडे पोचलो. आता हात सोडायला हरकत नव्हती. त्याने सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.

चालता चालता माझं दुकान आलं. कुलूप तसंच लटकत होतं, उघडायची वेळ कधीच होऊन गेली होती. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं... आणि तसेच पुढे चालत राहिलो.