घासलेला नंबर

बाळाबाई खरात जिना चढून आली, तेव्हा नेमिनाथ मगदूम टाइपरायटरवर कुणाचा तरी बांधाचा वाद बडवत होता. साताऱ्यात कोर्टासमोरच्या त्या खोलीत लालासाहेब मोहिते खासगी तपासाची कामं घेत. नेमिनाथ त्यांचे कागद टंकून काढी आणि मधून मधून आपलं मत देई. मत बहुधा चुकायचं, पण देण्याचा उत्साह काही कमी होत नसे.

"सायब, माजा ल्योक मला परत आणून द्या," म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली. "दुसरं काय बी मागत न्हाई."

ती जमिनीवर बसायला निघाली. मोहिते स्वतः उठून उभे राहिले, तेव्हा कुठे ती खुर्चीच्या कडेला टेकली.

मुलाचं नाव धनाजी, वय सव्वीस. चार वर्षांपूर्वी खडकीच्या लष्करी लिलावातून त्याने १९४२ सालची एक बीएसए मोटारसायकल पोत्यात भरून आणली होती. गाडी कसली, सुटे तुकडेच ते. सोबत लष्कराची पावती, तीवर इंजिनचा आणि सांगाड्याचा नंबर. मलकापूरच्या जालिंदर लोहाराच्या गॅरेजात बसून त्याने ती नटानटाने उभी केली. मागच्या महिन्यात नोंदणीसाठी साताऱ्याला आणली. तिथल्या अधिकाऱ्याने इंजिनच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आणि जुना नंबर कानशीने काढून तिथे नवा ठोकल्याचं उघड झालं. इंजिन निघालं कुंडलच्या आप्पासाहेब सूर्यवंशींचं. त्यांची बंद पडलेली गाडी दुरुस्तीला जालिंदरकडेच पडून होती. दिवाळीत गॅरेज बंद असताना तिचं इंजिन चोरीला गेल्याची फिर्याद त्यांनी दिली होती, म्हणून पोलिसांनी धनाजीलाच धरलं.

"गॅरेजची दुसरी किल्ली कुणाकडे असते?" मोहित्यांनी विचारलं.

"धनाजीकडंच," म्हातारीने खरं ते सांगितलं. "पर वस्तादाच्या दुकानात त्यो चोरी करंल व्हय? आमाला गावात कुनी दारात हुबं करत नव्हतं, तवा जालिंदर वस्तादानं माज्या पोराच्या हातात पाना दिला. आपल्या तांब्यातलं पानी दिलं. सांगलीच्या एस्टीत फिटरची जागा मिळालीय त्येला. सोमवारी हजर व्हायचंय, न्हाईतर दुसऱ्याचा नंबर लागतूय."

ती बुधवारची दुपार होती. नेमिनाथच्या मनात आलं, किल्लीही त्याच्याकडे आणि इंजिनही त्याच्या गाडीत, मग उरलं काय? पण म्हातारीच्या तोंडाकडे बघून त्याने या वेळी मत दिलं नाही.

गुरुवारी ते मलकापूरच्या पोलीस ठाण्यात पोचले. आवारात गाडी उभी होती. इतकी सुरेख जुळवलेली गाडी नेमिनाथने पाहिली नव्हती. इंजिनला चंदेरी रंग दिलेला, आणि वरच्या थंडाव्याच्या पात्यांपैकी एक तुटकी. त्या पात्यावरूनच आप्पासाहेबांनी आपलं इंजिन ओळखलं होतं.

मोहिते गुडघ्यावर बसले. टाचणीने त्यांनी नव्या नंबरातल्या एका आकड्याच्या खाचेतला चंदेरी रंग उकरला. आत बारीक लाल रेघ दिसली.

"गंजलंय," नेमिनाथ म्हणाला.

"ॲल्युमिनियम गंजत नाही, मगदूम."

"मग लाल रंग असेल. चंदेरीच्या आधी हात मारलेला."

"असेल. समोरच्या हॉटेलातून अर्धं लिंबू आणता?"

नेमिनाथला वाटलं, साहेबांना पित्ताचा त्रास सुरू झाला. त्याने लिंबू आणलं. मोहित्यांनी ते कापसाच्या बोळ्यावर पिळलं आणि बोळा खाचेतून फिरवला. कापूस पिवळा झाला. त्यांनी तो काड्यापेटीत घालून खिशात टाकला.

कोठडीत धनाजी भिंतीला टेकून बसला होता. आडव्या हाडाचा, शांत पोरगा.

"हे इंजिन तुझं आहे?"

"माजंच हाय."

"मग हे तुटकं पातं?"

धनाजी खाली बघत राहिला. "मला काय ठावं न्हाई, सायब. तुमी जावा. आयेला सांगा, रडू नगं."

जालिंदरचं गॅरेज फारसं चालत नव्हतं, पण भाविकपणात कमी नव्हतं. प्रत्येक हत्याराच्या दांड्यावर, ऐरणीवर, पंपावर दसऱ्याची कुंकवाची बोटं अजून दिसत होती. इंजिन उचलायच्या तुळईला मात्र नवी कोरी साखळी लोंबत होती, आणि बरोबर तिच्याखाली शहाबादी फरशीला ताजा खळगा पडला होता. नेमिनाथ त्यात ठेचकाळला.

जालिंदर साठीला आलेला. बोलताना त्याचा हात एकसारखा पुसण्याच्या चिंधीत चालला होता.

"पोरगं माजं गुणाचं हाय," तो म्हणाला. "त्येनं न्हाई केलं."

"मग कुणी केलं?"

"ते मी कसं सांगू?"

"नवी साखळी कधी घेतली, वस्ताद?"

"झालं की... घटस्थापनेच्या आगंमागं."

शुक्रवारी सकाळी कुंडल. आप्पासाहेब चांगलेच तापलेले होते. गाडी त्यांच्या वारलेल्या भावाची. ते पातंही तो पडला तेव्हा तुटलेलं. "त्या पोराला मी म्हणलं हुतं, तुजी गाडी मला दे, दोन्हीची मिळून एक करू. न्हाई म्हणाला. आणि माज्याच गाडीचं काळीज काढून नेलंन."

बाहेर पडताच नेमिनाथला राहवलं नाही. "साहेब, हाच! गाडी दिली नाही म्हणून राग. इंजिन यानेच घातलं असणार."

"आणि स्वतःच्या भावाच्या आठवणीवर कानस फिरवली? चला, सांगलीची गाडी पकडू."

सांगलीच्या डेपोत फोरमन जवाहर चौगुले यांनी हजेरीचा तक्ता काढून दाखवला. घटस्थापनेच्या दिवसापासून धनत्रयोदशीपर्यंत धनाजी तिथे शिकाऊ म्हणून होता. एकही खाडा नाही.

"खंडेनवमीला सगळ्यांनी पूजेसाठी अर्धा दिवस सुट्टी घेतली," चौगुले म्हणाले. "हा एकटा काम करत होता. म्हणाला, आमच्यात छप्पन सालापासून असली पूजा नाही. सोन्यासारखा हात आहे हो त्याचा. पण सोमवारपर्यंतच थांबता येईल मला. वरून यादी आलीय."

परतताना मोहिते खिडकीबाहेर बघत बसले होते. "सापडला का?" नेमिनाथने विचारलं.

"सापडला. न सापडता तर बरं झालं असतं."

शनिवारी दुपारी गॅरेजात सगळे जमले. फौजदार, त्यांच्याबरोबर धनाजी, आप्पासाहेब, दाराशी बाळाबाई. जालिंदर ऐरणीजवळ उभा होता.

मोहित्यांनी काड्यापेटी उघडून पिवळा बोळा फौजदारांच्या हातावर ठेवला.

"नव्या नंबराच्या खाचेत लाल काहीतरी होतं. रंग असता तर लिंबाने पिवळा झाला नसता. हळदीचं कुंकू होतं. घरातल्या बायकांना हे ठाऊक असतं, आपल्याला नसतं."

बाळाबाईने नकळत मान हलवली.

"कुंकू चंदेरी रंगाच्या खाली आणि ठोकलेल्या आकड्यांच्या आत होतं. म्हणजे इंजिनची पूजा झाली तेव्हा नवा नंबर ठोकून झाला होता. ही पूजा वर्षातून एकदा, खंडेनवमीला. त्या दिवशी धनाजी सांगलीत कामावर होता, तक्ता साक्षीला आहे. आणि दिवाळीत चोरीला गेलेल्या इंजिनावर खंडेनवमीलाच धनाजीचा नंबर कसा आला? ते दिवाळीत चोरीला गेलंच नव्हतं."

"मग?" फौजदार पुढे झाले.

"धनाजी सांगलीला जाताना आपलं इंजिन इथे ठेवून गेला. ते तुळईला टांगलेलं असताना साखळी तुटली. फरशीचा खळगा बघा. इंजिनची पेटी तडकली. तेव्हाच नवी साखळी आली, घटस्थापनेच्या आसपास. चार वर्षांची मेहनत ज्याच्या हातून फुटली, त्याला ते शिष्याला सांगता आलं नाही. शेजारीच आप्पासाहेबांची गाडी धूळ खात होती, तिचंही इंजिन याच जातीचं. ते काढून पावतीवरचा नंबर त्यावर ठोकला, म्हणजे कागद जुळावेत. खंडेनवमीला रिवाजाप्रमाणे सगळ्याला कुंकू लावलं. नंतर वरचं पुसलं, खाचेतलं राहिलं, त्यावर रंग बसला. पुढे आप्पासाहेब गाडी मागायला आले, तेव्हा दिवाळीतल्या चोरीची गोष्ट रचावी लागली."

जालिंदरच्या हातातली चिंधी खाली पडली.

"चाळीस वर्सांत माज्या हातनं एक नट निसटला नव्हता," तो म्हणाला. "आन् निसटलं ते पोराचंच. फुटकी पेटी घरी कणगीखाली हाय. वाटलं हुतं, गाडीला नंबर मिळंल, पोर एस्टीत जाईल, कुनाला कळायचं न्हाई. आन् धरलं त्येलाच. रोज म्हणायचो, उद्या ठाण्यावर जातो. पाय उचलायचं न्हाईत बघा."

फौजदारांनी धनाजीकडे पाहिलं. "तुला हे माहीत नव्हतं?"

"सायब, माज्या हातानं जोडल्यालं इंजिन मला वळखू येनार न्हाई व्हय? पहिल्या किकलाच कळलं." धनाजीचा आवाज फुटला. "वस्ताद म्हणले, समदं जुळवलंय, जा नंबर घिऊन ये. मी इचारलं असतं तर त्येंची मान खाली गेली असती. म्हून गेलो."

"अरं, मग इथं तरी सांगायचं हुतंस!" बाळाबाई ओरडली.

"काय सांगू, आये? ज्यानं पानी दिलं त्येला आत घाला म्हणू?"

आप्पासाहेब टोपी काढून हातात घेऊन उभे होते. फिर्याद मागे घेतो म्हणाले. फौजदारांनी नकारार्थी मान हलवली. नंबर खोडणं हा गुन्हा फिर्यादीवर अवलंबून नव्हता. घेऊन जाताना जालिंदर धनाजीजवळ क्षणभर थांबला, पण त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. सोमवारी संध्याकाळी कोर्टाचा कागद निघाला. मंगळवारी धनाजी सुटला. सांगलीची जागा तोवर गेली होती.

आठवड्याने नेमिनाथ काही सह्यांसाठी मलकापूरला गेला. आपण टंकलेला सुटकेचा अर्ज चालला, माणूस सुटला, याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. वाटेभर तो आनंद शोधत होता.

गाडी पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारातच होती, इंजिन काढून तपासणीला नेलेलं. धनाजी बंद गॅरेजच्या पायरीवर बसला होता. रोज सकाळी कोठडीत वस्तादाला भाकरी पोचवायची आणि दिवसभर या पायरीवर बसायचं. वस्ताद डबा घेत नसत. तो तसाच परत आणत असे. नेमिनाथने कागद पुढे केले, त्याने सह्या केल्या, आणि पुन्हा समोर बघत राहिला.

बाळाबाई रस्त्यापलीकडे उभी होती. ती नेमिनाथजवळ आली.

"घरला येत न्हाई. माज्याशी बोलत न्हाई," ती म्हणाली. "मी माजा ल्योक परत मागितला हुता, सायब. ह्यो कोन आणून दिलासा?"

नेमिनाथकडे या वेळी कुठलंच मत नव्हतं. तो कागद छातीशी धरून एस्टीच्या थांब्याकडे चालू लागला.